ड्राय नीडलिंग: तुमच्या मानेला चालेल, आईच्या गुडघ्यांना नको

तुम्ही विचारलंय की कॉम्प्युटरवर बसून मान-खांदा आखडलाय, फिजिओ ड्राय नीडलिंग करू म्हणतोय, ते म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरच का, आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांनाही करून घ्यावं का. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि या सुया स्वतः टोचते. म्हणजे माझं मत थोडं धंद्याच्या बाजूनं झुकणारच, ते धरून वाचा.

सुई तीच असते: भरीव, आत पोकळी नाही, औषध नाही, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. फरक आहे तो कुठे टोचायची यात. अ‍ॅक्युपंक्चर चिनी पद्धतीच्या ठरलेल्या बिंदूंवर चालतं. (सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली.) ड्राय नीडलिंगमध्ये आम्ही बोटांनी स्नायू चाचपून दुखरी गाठ शोधतो आणि थेट तिच्यात सुई घालतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल अशा गाठींत भुलीचं औषध टोचायच्या. १९७९ मध्ये प्रागच्या डॉ. कारेल लेविट यांनी दाखवलं की आराम बऱ्याच अंशी नुसत्या सुईनंच पडतो. नेम बरोबर लागला की स्नायू क्षणभर फडफडतो. दचकू नका.

तुमच्या मानेसाठी करून बघायला हरकत नाही. आमच्याकडे उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या सणात, दोन दिवस आकाशाकडे बघून पतंग उडवले की १६ जानेवारीपासून अशाच माना येतात, आणि त्यांना चांगला आराम पडतो. पण हा आराम काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. तेवढ्यात मान फिरायला लागते, दुखणं बाजूला होतं, आणि व्यायाम करता येतो. खरं काम तो व्यायाम करतो. जो फिजिओ सुया टोचून व्यायाम न शिकवता घरी पाठवतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. दोन-तीन वेळा करूनही काहीच फरक नसेल तर मी स्वतः थांबवते.

आता भीतीचं, कारण मानेच्या बाबतीत ती खरी आहे. फुप्फुसाचं टोक गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वरपर्यंत येतं. खांद्यावरच्या स्नायूत सुई चुकीच्या दिशेनं खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई छातीपासून दूर न्यायची. याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे फिजिओला सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटायला हवं आणि वापरलेली सुई लगेच डब्यात जायला हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. उपाशीपोटी जाऊ नका; नवरात्रात कडक उपास करून येणारे टेबलावरच चक्कर येऊन पडतात. नंतर एक-दोन दिवस ठणकेल, ते चालतं. पण दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर फिजिओला फोन करत बसू नका, थेट इस्पितळाच्या इमर्जन्सीत जाऊन एक्स-रे काढा.

आईचं वेगळं आहे. वयाबरोबर गुडघ्याची झीज झाली असेल, तर दुखणं स्नायूच्या गाठीपुरतं नसतं. कोणते उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनं अशा झिजेच्या संधिवातासाठी अ‍ॅक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग दोन्ही देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. मला ते पटतं. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, रोजचं चालणं आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं, यावर पैसे आणि वेळ घालवा. हाडांच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर ती सुई पोकळ, औषधाची, सांध्याच्या आत जाणारी. तिनं काही आठवडे बरं वाटू शकतं, पण आईला मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

आणि तुमच्या हाताला मुंग्या येत असतील, बोटांची पकड सैल झाली असेल, तर सुईच्या आधी डॉक्टरांना मान दाखवा. ते दुखणं बहुधा नसेचं असतं.