चूक बिल्डमध्येच अडवा

प्रश्न : आर्डुइनो उनो बोर्डवरून ईएसपी32 बोर्डकडे सीरियलने (तारेतून एकामागून एक बाइट) एक स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र बांधलेल्या घटकांचा गट, पाठवतो. त्यात क्रमाने 8 बिटचा नोड क्रमांक, 32 बिटची वेळ आणि 16 बिटचा ओलावा आहे. दोन्हीकडे हेडर तेच, एरर नाही, वॉर्निंगही नाही. तरी पलीकडे भलतेच आकडे येतात. हे बिल्ड करतानाच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनतानाच, कळेल का? – विद्यार्थी, सांगली

उत्तर : एका ओळीत कळेल. आधी बिघाड पाहा. उनोवरची एटीमेगा328पी चिप 8 बिटची. तिच्यावर तिन्ही घटक एकमेकांना लागून बसतात: 1, 4 आणि 2 मिळून 7 बाइट. ईएसपी32 वर मात्र 32 बिटच्या घटकाचा पत्ता 4 ने भाग जाणारा लागतो. म्हणून नोड क्रमांकानंतर 3 बाइट रिकामे सुटतात, वेळ ऑफसेट 4 वर (सुरुवातीपासून 4 बाइट सोडून) जाते, ओलावा 8 वर, आणि एकूण आकार 4 च्या पटीत यावा म्हणून शेवटी आणखी 2 बाइट. झाले 12. पाठवणारा 7 पाठवतो, घेणारा 12 ची वाट पाहतो, आणि पुढच्या पॅकेटचे बाइट आधीच्यात घुसतात. नियमाने दोन्ही मांडण्या बरोबर, म्हणून कंपायलर गप्प.

हेडरमध्ये स्ट्रक्चरच्या लगेच खाली ही ओळ टाका (प्रत्यक्ष कोडमध्ये रोमन छोट्या अक्षरांत):

स्टॅटिक_असर्ट(साइझऑफ(पॅकेट) == 7, "पॅकेट 7 बाइटचे हवे");

हे असर्ट म्हणजे कंपायलरने बिल्डच्या वेळीच तपासायची अट. ती खोटी ठरल्याने ईएसपी32 ची बिल्ड इथेच थांबेल. तपासणी होते ती कोड ज्या चिपसाठी बनतोय तिच्या हिशेबाने, तुमच्या लॅपटॉपच्या नव्हे. म्हणून दोन्ही बोर्डांची बिल्ड करायलाच हवी. प्रोग्रॅमचा आकार याने एका बाइटनेही वाढत नाही.

आता दुरुस्ती. घटक मोठ्याकडून लहानाकडे लावा: वेळ, ओलावा, नोड. तरी ईएसपी32 वर 8 आणि उनोवर 7 भरतील, म्हणून शेवटी 8 बिटचा एक राखीव घटक स्वतःच घाला आणि असर्टमधला आकडा 8 करा. पॅक्ड (घटकांमध्ये रिकामे बाइट सोडू नका असे कंपायलरला सांगणाऱ्या) अ‍ॅट्रिब्यूटनेही आकार जुळतो, पण मग वेळेचा पॉइंटर काढून दुसऱ्या फंक्शनला दिला की तो 4 ने भाग न जाणारा पत्ता असू शकतो. आम्ही राखीव बाइटच सुचवू. घटकांची अदलाबदल झाली तर एकूण आकार बदलेलच असे नाही, तेव्हा प्रत्येक घटकासाठी ऑफसेटऑफचे (घटक कितव्या बाइटवर आहे ते सांगणाऱ्याचे) एकेक असर्ट जोडा. शिवाय नुसते इंट किंवा डबल पॅकेटमध्ये नकोच: उनोवर इंट 2 आणि डबल 4 बाइटचा, ईएसपी32 वर 4 आणि 8 चा.

प्रश्न : एरर कोडांच्या इनमची (क्रमांकांना नावे देणाऱ्या यादीची) संख्या आणि संदेशांच्या अ‍ॅरेची लांबी जुळते का, यासाठी असर्ट आहे. नवा कोड घातला, संदेश राहिला, तरी बिल्ड पास. असे का? – वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा अ‍ॅरेच्या कंसात तुम्ही तीच संख्या लिहिली आहे. मग लांबी नेहमीच जुळणार. न भरलेली जागा नल (कुठलाच पत्ता नसलेली) राहते आणि तो संदेश छापताना प्रोग्रॅम कोसळू शकतो. कंस रिकामा ठेवा, म्हणजे लांबी प्रत्यक्ष भरलेल्या संदेशांवरून ठरेल. संदेशांचा क्रम चुकला तर मात्र हे असर्ट पकडणार नाही. नवे असर्ट लिहिले की एकदा मुद्दाम एक संदेश काढून बिल्ड खरोखर तुटते का ते पाहा. जे असर्ट तुटूच शकत नाही, ते काहीच तपासत नसते.

प्रश्न : आमचा कंपायलर सी99 (सी भाषेची 1999 ची आवृत्ती) चा आहे. हॅश-इफमध्ये (अट पाहून कोडचा भाग घेणाऱ्या-वगळणाऱ्या ओळीत) साइझऑफ चालत नाही. मग काय करावे? – वाचक, पुणे

उत्तर : हॅश-इफ हाताळणारा प्रीप्रोसेसर कंपायलरला टाइप समजायच्या आधीच काम उरकतो, म्हणून तिथे साइझऑफ चालणार नाही. सी11 पासून असर्ट.एच घेतले की स्टॅटिक_असर्ट मिळते. त्याआधीची जुनी युक्ती अशी: कॅर अ‍ॅरेचा टाइपडेफ (टाइपला नवे नाव) करायचा, लांबी अट खरी असेल तर 1, नाही तर उणे 1. उणे लांबीचा अ‍ॅरे बनत नाही, बिल्ड तुटते. हे फंक्शनच्या बाहेरच लिहा. आत लिहिले आणि अटीत चुकून एखादे व्हेरिएबल आले, तर सी99 त्याला बदलत्या लांबीचा अ‍ॅरे समजून मुकाट्याने स्वीकारतो. सी मध्ये कॉन्स्ट इंटसुद्धा या बाबतीत व्हेरिएबलच धरला जातो. त्याऐवजी इनम किंवा डिफाइन वापरा.