गावच्या घराची मोरी दर महिन्याला तुंबते, पावडर टाकली की तेवढ्यापुरती मोकळी होते. कायमचा उपाय काय?

पावडर आणणं आधी थांबवा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दोष मोरीत दिसत नाही. अंगणाखालून गेलेल्या पाईपाचा उतार बिघडलाय, असा माझा अंदाज आहे.

तुमच्या प्रश्नातल्या खुणा अशा: घर दर्यापूरकडच्या गावात, न्हाणी आणि स्वयंपाकघराचं सिंक एकाच ३ इंची पाईपात सोडलेलं, तो पाईप अंगणातून रस्त्याच्या नालीपर्यंत नेलेला. पहिली काही वर्षं त्रास नव्हता, आता दर महिन्याला तुंबतं आणि पावसाळ्यात जास्तच. मी याच पट्ट्यात फिटिंगची कामं करतो आणि अशी घरं बरीच पाहिली आहेत. नुसते केस आणि खरकटं अडकलं असतं तर एकदा साफ केल्यावर पुष्कळ दिवस निघाले असते. महिन्याच्या महिन्याला तुंबतं म्हणजे पाईपात कुठंतरी पाणी उभं राहतं, आणि जिथं पाणी उभं राहतं तिथं गाळ बसतोच.

पण माझ्या अंदाजावर जाऊन अंगण खोदू नका. आधी अडथळा कुठं आहे ते शोधा. फक्त सिंक तुंबत असेल आणि न्हाणीचं पाणी नीट जात असेल, तर गडबड सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (थोडं पाणी धरून नालीचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग) नाहीतर त्या वळ्यावळ्यांच्या प्लास्टिक नळीत आहे. खाली बादली ठेवा, ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा, धुवा, परत बसवा. त्यासाठी मिस्त्री बोलवायची गरज नाही. सिंकमध्ये ओतलेलं पाणी न्हाणीच्या जाळीतून वर येत असेल, तर अडथळा दोन्ही पाईप जुळतात त्याच्या पुढं आहे.

मग अंगणातलं चेंबर उघडा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा चेंबर आणि नाली यांच्या मधे. चेंबर कोरडं आणि न्हाणी तुंबलेली असेल तर तो घराच्या बाजूला. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात, तरी लोक ते सोडून घरातून पावडरीवर पावडर ओततात. चेंबरच नसेल, फरशी घालताना बुजवलं असेल (हे आपल्याकडे फार होतं, दिसायला बरं नाही म्हणून), तर नालीकडचं तोंड बघा.

उताराची परीक्षाही सोपी आहे. पाईप मोकळा असताना, रात्रभर वापर नसेल अशा सकाळी, एकाला न्हाणीत बादलीभर पाणी एकदम ओतायला सांगा आणि तुम्ही नालीकडच्या तोंडाशी बसा. पाणी लोटासारखं आलं आणि लगेच संपलं, तर उतार ठीक. आधी काळं, कुजक्या वासाचं पाणी ढकललं गेलं, मागून स्वच्छ पाणी आलं आणि मग बराच वेळ बारीक धार चालू राहिली, तर पाईप मधे खाली खचून त्याला पोट आलंय. ते काळं पाणी तिथं रात्रभर मुक्कामाला होतं.

हे पोट येतं आपल्या काळ्या मातीमुळं. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. घराच्या भिंतींना तडे जातात ते ज्या कारणानं, त्याच कारणानं पाईप वरखाली होतो. नवीन घर बांधताना पाया मुरमावर घेतात, त्यात कोणी हयगय करत नाही. सांडपाण्याचा पाईप मात्र शेवटच्या दिवशी हातभर चर खणून, तीच काळी ढेकळं वर लोटून गाडून टाकतात. दोन-चार पावसाळे गेले की पाईप कुठं उचलला जातो, कुठं खचतो, जोड सैल होतो. सैल जोडातून पाणी झिरपतं, तिथली माती आणखी फुगते आणि भोकातून माती आत येते. अंगणात कडुनिंब असेल तर त्याची मुळंही ओलाव्याच्या मागं त्याच जोडातून शिरतात. कापूस भरायला मेटाडोर किंवा ट्रॅक्टर अंगणात येत असेल तर फाटकाजवळचा पाईप आधी तपासा. जेमतेम वीतभर खोल गाडलेला पाईप भरलेल्या गाडीखाली दबतो, चपटा होतो, आणि वरून काही कळत नाही.

तुम्हाला पावसाळ्यात जास्त त्रास का होतो, तेही यातच आलं. शिवाय बाहेरची नाली भरून वाहते तेव्हा तुमच्या पाईपाचं तोंड बुडतं आणि आतल्या पाण्याला जायला जागा उरत नाही. तोंड नालीच्या तळाशी ठेवलं असेल तर ते शक्य तितकं वर घ्यावं लागेल.

आता, तात्पुरतं मोकळं कसं करायचं. रबरी पंप मारायचा असेल तर न्हाणीत दोन-तीन बोटं पाणी साचू द्या आणि सिंकचं भोक ओल्या फडक्यानं घट्ट दाबून धरा. नाहीतर पंपाचा जोर सगळा सिंकमधून वर निघून जातो आणि लोक म्हणतात, पंपानं काही होत नाही. पंपानं नाही सुटलं तर हार्डवेअरच्या दुकानात तारेची स्प्रिंग मिळते, ती मुठीनं फिरवत आत सोडायची. सरळ पाईपात बांबूची लांब कमची चालते, वळणावर मात्र ती मोडून आतच राहते.

माझ्या मते चांगला रस्ता म्हणजे खालच्या तोंडाकडून सुरुवात करणं. चेंबरमधून किंवा नालीच्या बाजूनं स्प्रिंग घालून गाळ मागं ओढायचा. वरून ढकललेला गाळ पुढं जाऊन आणखी घट्ट बसतो. नळाला लावायचा साधा पाईप खालून आत सरकवत नेला तर रेती-राख धुऊन बाहेर येते. विहिरीच्या मोटरचा जोर लावायचा मोह टाळा. भिंतीतला जोड सुटला तर ते कळतं भिंतीला ओल आल्यावरच.

पावडरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गावोगाव ती साखरेसारखी वापरतात. ती बहुतेक कॉस्टिक सोडा असते. तेलातुपाच्या थराचा ती साबण करते आणि केस विरघळवते, म्हणून चार दिवस बरं वाटतं. राख, रेती आणि माती यांचं ती काहीच करत नाही. उभ्या पाण्यात जास्त टाकली तर तळाशी बसून दगडासारखा गोळा होतो, मग तिथला पाईप कापूनच काढावा लागतो. पाण्यात पडली की ती उकळ्या येण्याइतकी तापते. अॅल्युमिनियमला लागली तर हायड्रोजन वायू तयार होतो, तेव्हा जर्मनच्या भांड्यात ती कालवू नका. पावडर टाकल्यावर पंप मारू नका, शिंतोडे थेट डोळ्यात जातात. गेलेच तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि लगेच दवाखाना गाठा.

पावडरीच्या मागून संडास साफ करायचं अॅसिड ओतणं तर अगदी वाईट, दोन्ही मिळून उसळून अंगावर येतात. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरच्या व्हिडिओंचं विचाराल तर फेस छान येतो. तो फेस म्हणजे एकमेकांना मारून संपलेलं आम्ल आणि सोडा, त्यानं पाईपातला गाळ हलत नाही. चुलीवरून उतरवलेलं उकळतं पाणीही पीव्हीसी पाईपात ओतू नका. साधारण ६० अंशांच्या वर तो पाईप मऊ पडू लागतो आणि त्याला आणखी पोट येतं. हाताला सोसवेल इतकं गरम पाणी आणि थोडी भांड्याची पावडर, एवढं पुरे.

कायमचा उपाय म्हणजे पाईप उकरून परत टाकणं. त्याला पर्याय मला तरी माहीत नाही. सगळा बदलावा लागेलच असं नाही, पोट आलेला तुकडा सापडला तर तेवढाच. पण उकरलाच आहे तर अंगणातला भाग ४ इंची करून घ्या. ३ इंचीला १० फुटांमागे ३ इंच उतार द्या, ४ इंचीला २ इंचही चालतो. उतार नजरेनं ठरवू देऊ नका. मिस्त्रीकडं पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी असते, ती दोन्ही टोकांना धरून खुणा करायला लावा आणि स्वतः उभं राहून बघा.

चर नेहमीपेक्षा रुंद आणि चार-सहा इंच जास्त खोल खणा. तळाशी मुरूम किंवा गिट्टीची चुरी टाकून पाणी मारून धुम्मस करा, त्यावर पाईप, आणि पाईपाच्या दोन्ही बाजूंनी व वरही मुरूमच. काढलेली काळी माती सगळ्यात वर, नाहीतर झाडांना टाका. मुरूम फुगत नाही, त्यामुळं पाईप जागचा हलत नाही. गाडी जाते तिथं वर फरशीचे तुकडे किंवा काँक्रीटची पट्टी घाला. काटकोनी एल्बो टाळून दोन अर्धे बेंड वापरा, वळणावर दाराचा बेंड (साफ करायला उघडणारं झाकण असलेला) बसवा आणि तिथं चेंबर करा, ज्याचं झाकण उघडता येईल. हे काम मी तरी दिवाळी ते होळीच्या मधे धरतो. पावसाळ्यात चरात चिखल होतो आणि मे महिन्यात काळ्या रानात कुदळ लागत नाही.

घरातल्या सवयींपैकी दोनच खरोखर महत्त्वाच्या आहेत. पहिली राख. भांडी राखेनं घासत असाल तर ती भांडी सिंकमध्ये धुऊ नका. बाहेर धुण्याच्या दगडावर धुवा आणि पाणी झाडाच्या आळ्यात जाऊ द्या. राख पाईपात तळाला बसते, तिच्यावर तेल चिकटतं आणि पुढं ते सगळं सिमेंटसारखं होतं. दुसरी पीठ. परातीला लागलेलं ज्वारीचं पीठ, कढईतली पिठल्याची खरवड, रश्श्यावरची तर्री हे आधी पुसून-खरवडून काढा. खरवड ढोराच्या टोपल्यात, तर्री फडक्यानं पुसून बाहेर. पीठ आणि थंड तेल एकत्र झालं की पाईपाला आतून लांबी (पुट्टी) लावल्यासारखंच होतं. घरातल्या बाईलाच हे सांगून थांबू नका, सणाला जेवणावळी उठल्यावर सिंकमध्ये ताटं उपडी करणारे बहुतेक आपण पुरुषच असतो.

न्हाणीला सुटी निघणारी बारीक जाळी ठेवा आणि केस हातानं उचला. तुमच्याकडं खारपाणपट्टा आहे. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नसेल तर तोच साबण चुनखडीसारखा पांढरा साका होऊन पाईपात बसतो. अशा ठिकाणी अंगाच्या साबणाची लहानसहान चिपाटंही न्हाणीत जाऊ देऊ नका.

उन्हाळ्यात न तुंबताही वास येतो, ती गोष्ट वेगळी. पाहुण्यांची न्हाणी वापरात नसली की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि नालीचा वास आणि झुरळं सरळ आत येतात. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. गावाला जायचं असेल तर त्यावर चमचाभर तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की नालीऐवजी शोषखड्डा केला तर? तुमच्या भागात मला तो पटत नाही. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, आणि पूर्णेच्या खोऱ्यात तिचा थर फार खोल आहे. खाली मुरूम लागत असेल तरच तो चालतो. त्यापेक्षा चेंबरातून पाणी परसात घ्या, आधी गाळ बसायला जाळीचा एक छोटा हौद करा आणि मग केळी, अळू, कर्दळीच्या वाफ्यात सोडा. डबकं मात्र होऊ देऊ नका. विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत आणि तो पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर त्या खड्ड्यात न्हाणीचं पाणी कदापि सोडू नका, खड्डे भरून जातील. आणि सेप्टिक टँक तुंबली तर कोणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि संरक्षण साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यासाठी उपसण्याची गाडीच बोलवा.

बादलीची परीक्षा करून बघा आणि काळं पाणी किती वेळ आलं ते खाली लिहा. सोबत न्हाणी ते नाली अंतर आणि दोन्ही ठिकाणच्या उंचीतला फरकही द्या. तेवढ्यावरून पाईपाला पुरेसा उतार मिळतो की नाही ते सांगता येईल.