उतारावर धावल्यानंतर मांड्या का भरून येतात?

प्रश्न : मी 41 वर्षांचा असून रंकाळ्याभोवती नियमित धावतो. नुकताच पन्हाळ्यावरून वाघबीळपर्यंत उतरत धावलो. दम मुळीच लागला नाही. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. लॅक्टिक ॲसिड साठल्याचे मित्र सांगतात. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या स्पर्धेतील उताराची शर्यत करण्याची इच्छा आहे. हा सराव सोडावा काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : सोडू नका, फक्त त्याची मात्रा बदला. लॅक्टिक ॲसिड धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात ओसरते, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. तालमीत नव्याने बैठका मारणाऱ्या पोराच्या मांड्या जशा भरून येतात, तसेच हे आहे : खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार पेलत असतानाच लांबत जातो, आणि या ताणाने त्याच्या तंतूंची सूक्ष्म मोडतोड होऊन सूज व वेदना 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचतात. वेदनेपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्नायूची ताकदही काही दिवस घटलेली असते, म्हणून त्या काळात वेगाचा सराव करू नये.

दम न लागणे हीच उताराची फसगत आहे. प्राणवायू कमी लागतो, पण आघात वाढतो. 9 अंशांच्या उतारावर पाऊल टेकतानाचा आघात सपाट रस्त्यापेक्षा सुमारे 54 टक्क्यांनी आणि गती रोखणारे बल सुमारे 73 टक्क्यांनी अधिक असल्याचे मोजमापात आढळले आहे. छाती शाबूत असल्यामुळे धावपटू पुढे जात राहतो आणि हिशेब मांड्यांना चुकवावा लागतो.

दिलासा असा की एकदा हा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला पुष्कळ कमी दुखतो. म्हणून आरंभी सौम्य उतारावर दहा-पंधरा मिनिटेच, पावले आखूड व जलद ठेवून, धावावे आणि दुखणे पूर्ण ओसरल्यावरच पुढचा उतार घ्यावा. माझ्या मते दहा-बारा दिवसांतून एकदा पुरे. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावू नका, कारण शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. लघवी काळपट तपकिरी झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कॉम्रेड्सची पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन ही सुमारे 90 किलोमीटरची शर्यत नावाने उताराची असली, तरी तिच्यात पूर्वार्धात चढही पुष्कळ आहेत आणि मोठे उतार उत्तरार्धात, मांड्या थकल्यावर येतात. म्हणून लांब पल्ल्याच्या सरावाचा अखेरचा टप्पा उताराचा ठेवा, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी पन्हाळ्याचा मोठा उतार बंद करा.