घरच्या रुग्णाला मलम लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, डायपर असतो. जांघेत गोल, खाजरे चट्टे उठले. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत आराम पडला, पण लावायचं थांबवलं की दुप्पट उठतात.

ताई, ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं, तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने खाज आणि लाली दबते, म्हणून बरं वाटतं. गजकर्णाची बुरशी मात्र आत पसरतच राहते. त्यात वरून डायपर म्हणजे भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं : औषध जास्त मुरतं आणि म्हातारपणाची पातळ कातडी आणखी विरत जाते. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास हातात पडतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण भोगतो तो रुग्ण.

डॉक्टरांना हीच ट्यूब दाखवा, किती दिवस लावली तेही सांगा. त्यांनी बुरशीचं मलम दिलं, की आधी जांघ धुऊन मऊ कापडाने टिपून घ्या. घासू नका. पूर्ण कोरडी झाल्यावर चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत पातळ लावा. चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेले दिवस पुरे करा. लावताना हातमोजे घाला आणि काढल्यावरही साबणाने हात धुवा.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात ‘पातळ थर’. म्हणजे नेमकं किती?

तुमच्या तर्जनीचं टोकाचं पेर हेच माप. ट्यूबमधून त्या पेराच्या रेघेपर्यंत एक पट्टी काढली, की साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा भागते. मोठ्या माणसाच्या पूर्ण हाताला, पंजा सोडून, तीन पेरं; पायाला, पाऊल सोडून, सहा. हे माप स्टिरॉइड मलमांचं. दुखऱ्या गुडघ्याच्या जेलचं प्रमाण वेगळं असतं, ते चिठ्ठीप्रमाणेच.

प्रश्न : वडिलांना कर्करोगाच्या दुखण्यासाठी फेंटानिलची पट्टी दिली आहे. त्यांना थंडी वाजते. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावली तर चालेल का?

पट्टीवर किंवा तिच्या आसपास अजिबात नको. उष्णतेने पट्टीतलं औषध भराभर अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो. ताप चढला तरी तोच धोका, तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवा. थंडीसाठी पायात मोजे आणि अंगावर गोधडी पुरे.

ही पट्टी ७२ तासांनी बदलायची असते. एका घरी मी आजींना कूस वळवली, तर खांद्यामागे एक पट्टी आणि पदराखाली दंडावर दुसरी. बदलणारे हात दोन, जुनी काढायचं दोघांनाही वाटलं नव्हतं. आजी हाक मारली तरी डोळे उघडत नव्हत्या. तेव्हापासून मी आधी जुनी काढते, मगच नवीचं पाकीट फोडते, आणि तारीख-वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते.

जागा दर वेळी बदला. नुसत्या पाण्याने पुसा. साबण, तेल, स्पिरिट नको. कोरडी झाल्यावर पट्टी तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. कात्री लावू नका. वडील गोंधळून ती उपटत असतील तर पाठीच्या वरच्या भागावर लावा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडा. तिच्यात औषध शिल्लक असतं आणि नातवंडांच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकतं. रुग्ण उठवूनही नीट उठत नसेल, श्वास फार मंद वाटला, तर पट्टी काढा आणि १०८ ला फोन करा. काढल्यावरही अंमल कित्येक तास टिकतो, म्हणून वाट बघत बसू नका.

प्रश्न : बाबांच्या कोरड्या पायांना रोज पेट्रोलियम जेली चोपडतो. काही अपाय?

त्वचेला नाही, उलट फायदाच. केस ज्या दिशेला वळतात त्या दिशेने हलक्या हाताने लावा. स्टिरॉइड मलमही असेल तर दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. काळजी आगीची. जेली मुरलेली चादर, लेंगा झटकन पेट घेतो, आणि धुऊनही तिचा अंश राहतो. संध्याकाळचं निरांजन, उदबत्ती पलंगाजवळ नको. बाबा विडी ओढत असतील, तर अंथरुणात तर नकोच.