डोळा फोडून बघू नकोस

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुख्य परीक्षेचा निकाल लांबलाय, घरात स्थळांचं बोलणं सुरू झालंय, आणि देव आपल्याला काहीच कसं दाखवत नाही, असं तू विचारतेस. तासगावच्या द्राक्षबागाईतदाराची लेक तू, आणि हे मला विचारतेस?

एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग कशी दिसते, आठव. मांडवावर नुसते ओलांडे, वेलीचे आडवे जाड हात. मग फुटी येतात, सात पानांच्या झाल्या की तुझे वडील पाच पानांवर शेंडा खुडून सबकेन करतात, म्हणजे बगलेतून नवी काडी काढतात. पुढे साधारण चाळिसाव्या दिवसापासून सत्तराव्या दिवसापर्यंत काडीच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, पुढच्या हंगामाचा घड धरतो. सध्या बागेत तेच दिवस चालू असतील. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. या दिवसांत नत्र आणि पाणी जास्त झालं, काडी उगाच वाढत सुटली, किंवा ढगाळ हवेनं नि पानांच्या गर्दीनं डोळ्यावर ऊन पडलं नाही, की घडाच्या जागी बाळी, नुसता वेलीचा ताणा, निघते. ते कळतं कधी? ऑक्टोबर छाटणी करून डोळे फुटले की. तोवर वडील काय करतात? फुटी विरळतात, पाणी आवरतं घेतात, काडीवर ऊन खेळेल असं बघतात. डोळा फोडत नाहीत. छाटणीच्या तोंडावर चार काड्या डोळे चिरून तपासायला देतात, हे मलाही ठाऊक आहे. पण फोडलेल्या डोळ्याला घड लागत नाही, बाळ. तो डोळा गेलाच.

आणि तू रोज एक डोळा फोडतेस. सोमवारी पत्रिका, गुरुवारी नवस, शनिवारी कौल, फूल उजवीकडे पडलं की डावीकडे. ही देवावर ठेवलेली पाळत झाली. नवसाचं मला वावडं आहे, त्यावरून घरोघरी वाईटपणाही घेतलाय, पण बोलणारच. 'जेवायला वाढलंस तर पाया पडेन' असं लेकरू आईला म्हणतं का? ते मागतं, रडतं, रुसतं आणि तिच्याच खांद्यावर झोपी जातं. रुस खुशाल. रुसून शेजारणीकडे राहायला जाऊ नकोस, एवढंच.

आता करायचं ते नीट वाच. गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) आपल्या माणच्या दुष्काळी मुलखात लोकांच्या हातात दिलं ते एवढंच: 'श्रीराम जय राम जय जय राम'. तेरा अक्षरं. पहाटे फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि रोज त्याच जागी बस. हवं ते एकदाच, घरच्या बोलीत सांग: 'मला पास कर, मला भ्या वाटतंय.' शब्द सजवू नकोस. मग माळ. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घे, अंगठ्यानं ओढ, तर्जनी लागू देऊ नकोस. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की ओलांडायचा नाही, आणखी करायची झाली तर माळ उलटी फिरवायची. 108 मणी, घाई न करता पाच-सहा मिनिटं. तू एकच माळ कर. हौसेनं अकरा धरणारे तिसऱ्या आठवड्यात माळ खुंटीला लावतात. मन पळणार. विसाव्या मण्याला कटऑफ आठवेल, तिसाव्याला मैत्रिणीची पोस्टिंग. आठवू दे. जिथं आहेस तिथूनच पुढचा मणी ओढ. पहिल्यापासून सुरू केलंस की तिथंही परीक्षाच होते, आणि गुण देणारी तूच. माळ संपली की मागितलेलं परत म्हणायचं नाही. बजावून सांगतो, परत म्हणायचं नाही! डोळा फोडायची सवय तिथूनच लागते.

उठून अभ्यासाला बस. फॉर्मची तारीख, वयाची अट, घरच्यांकडे अजून किती वर्षं मागायची, हे देवावर ढकलू नकोस. ते तुझं खत-पाणी. वर्षांचा आकडा वडिलांना या आठवड्यातच स्पष्ट सांग, नुसतं 'बघू' म्हणू नकोस.

'तुम्हाला बोलायला काय जातंय,' असं तुझ्या मनात आलं असेल. येऊ दे. माझी उमेदीची वर्षं डोळे फोडण्यातच गेली, म्हणून आवाज चढतो. उतरवणार नाही.

गोंदवल्याला यायचं म्हणतेस, तर जरूर ये, दहिवडीपासून जवळच आहे. प्रसाद घे, घटकाभर बस. समाधीपुढे निकालाची तारीख मात्र काढू नकोस.

एकवीस दिवसांनी पत्र टाक. त्यात निकालाचं काही लिहू नकोस. कितव्या मण्याला मन पळतं, ते लिही. आणि यंदा बागेवर ढगाळ हवा किती आहे, तेही वडिलांना विचारून कळव.