कंठ फुटण्याच्या वयातली ऑडिशन

‘एरवी दिवसभर गुणगुणणारे आमचे मूल ऑडिशन जवळ आली की कच खाते, त्याचा आत्मविश्वास कसा वाढवायचा?’ बालनाट्यांच्या आणि संगीत नाटकांच्या निवडचाचण्या सुरू झाल्या की हा प्रश्न घेऊन पालक समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतात. आत्मविश्वास कमी पडतो आहे, हे निदान त्यांनी आधीच केलेले असते. मला मात्र अशा वेळी मुलाचे वय पहिल्यांदा विचारावेसे वाटते, आणि तसे का वाटते हे पुढील अनुभवावरून लक्षात यावे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा आठवीतला, नुकती तेरा वर्षे पूर्ण झालेला. लहानपणापासून गाणे शिकणारा आणि नाट्यगीतांच्या शालेय स्पर्धांमध्ये बक्षिसे मिळवणारा. एका संगीत बालनाट्यासाठी गाणारा राजपुत्र हवा होता आणि ती भूमिका आपल्याच मुलाला मिळणार, असे घरात सर्वांनी धरून ठेवले होते. ऑडिशन तीन आठवड्यांवर आली असताना त्याने रियाजाला बसणे बंद केले. वडिलांच्या मते हा आळस होता, आईच्या मते धास्ती. दोघे हे मला सांगत असताना मुलगा मान खाली घालून, दोन बोटे कंठमण्यावर ठेवून बसला होता आणि मी त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आई देत होती.

दोघांना बाहेर बसण्याची विनंती केल्यावर बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “वर्गात हजेरी देतानासुद्धा आवाज चिरकतो. सगळे हसतात.” मग हळूहळू बाकीचे कळले. त्याने गाणे सोडलेलेच नव्हते. न्हाणीघरात नळ मोठा सोडून, वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, लागतो का हे तो रोज तपासत होता आणि तो लागत नव्हता. संध्याकाळी वडील मोबाइलवर गेल्या वर्षीच्या बक्षिसाच्या गाण्याचे चित्रीकरण लावत आणि “बघ, असा गात होतास” असे म्हणत. तानपुऱ्याचे ॲप अजूनही काळी चार या त्याच्या जुन्या, उंच पट्टीवर होते, कारण सरावासाठी आणलेला ट्रॅक त्या पट्टीतला होता.

साधारण बारा ते सोळा या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. काहींच्या बाबतीत हे काही महिन्यांत स्थिरावते, काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात. या काळात आवाज मध्येच फुटणे, काल सहज लागलेला स्वर आज न लागणे हे स्वाभाविक आहे. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच उतरतो, त्यामुळे घरच्यांच्या तो फारसा लक्षात येत नाही. हे सारे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असते. परंतु ज्या मुलाची ओळखच ‘गोड गळ्याचा’ अशी झालेली आहे, त्याला ती ओळ आपल्याविषयी आहे असे कोणी समजावून सांगितलेले नसते. हा मुलगा तर आपण चुकीचा रियाज करून गळा खराब केला, असे मनात धरून बसला होता.

पुढच्या भेटीत मी पालकांसमोर हे मांडले तेव्हा वडील म्हणाले, “म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली?” हा प्रश्न मला मुळीच उथळ वाटला नाही. मुलाच्या कोवळ्या आवाजावर आईवडिलांचाही जीव जडलेला असतो आणि तो आवाज जाताना त्यांनाही दुःख होते. त्या दुःखाला वाट मिळाली नाही की ते “रियाज कर” या तगाद्याच्या रूपाने मुलावर पडते. सूर ओळखणारा कान, लयीची जाण, शब्दाचा स्वच्छ उच्चार हे कंठासोबत जात नाही, हे मी त्यांना सांगितले. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके गाणाऱ्या स्त्रीभूमिका पुरुष आणि कोवळी मुलेच करत असत. आपला कंठ फुटणे हा नाटक कंपन्यांनाही माहीत असलेला जुना प्रश्न आहे, हे ऐकून मुलाने त्या दिवशी प्रथमच मान वर केली.

पट्टी कोणती असावी हे ठरवण्याचा अधिकार समुपदेशकाचा नाही, म्हणून त्याच्या गाण्याच्या बाईंना मी पालकांच्या संमतीने सामील करून घेतले. त्यांनी पट्टी पुष्कळ खाली आणली, राजपुत्राचे तानांचे पद बाजूला ठेवले आणि पाच-सहा स्वरांत मावणारे, प्रसंग सांगणारे एक साधे पद निवडले. रियाज थोडा थोडा करायचा, वरचा स्वर ताणून काढायचा नाही आणि घसा जपण्यासाठी कुजबुजत बोलायचे नाही, कारण त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो, असे ठरले. आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ सतत बसलेला राहिला किंवा गाताना दुखू लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचे, हेही सांगून ठेवले. जुने चित्रीकरण लावणे वडिलांनी स्वतःहून थांबवले.

ऑडिशनमध्ये काय घडते हे मुलांना आधी तपशीलवार कळलेले असावे, असा माझा आग्रह असतो. बहुधा गाण्याचे ध्रुवपद आणि एक अंतरा गायला सांगतात, एखादा उतारा बोलून घेतात, थोडी हालचाल किंवा ऐनवेळी सुचवलेला प्रसंग करवून घेतात. दोन ओळींनंतर “पुरे” म्हटले, तर ते नापसंतीचे लक्षण नसते. पुष्कळ मुलांना ऐकायचे असते आणि परीक्षकांना हवे ते दोन ओळींत कळलेले असते. पेटीची साथ असेल तर पट्टी सांगता येते, ट्रॅकवर मात्र मूल अडकून पडते. म्हणून त्याने दारातून आत गेल्यावर बोलायचे वाक्य आम्ही पक्के केले: “माझा आवाज सध्या बदलतो आहे, मी खालच्या पट्टीत गातो.”

आमचा सर्वांत उपयोगी सराव आवाज फुटण्याचाच होता. तो उतारा म्हणायचा. आवाज चिरकला की थांबायचे नाही, माफी मागायची नाही, चेहरा वाकडा करायचा नाही, श्वास सोडून पुढचा शब्द उचलायचा आणि समोरच्या पात्राला जे सांगायचे आहे ते सांगत राहायचे. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहत असे. नंतर एकदा “आई, मी परत येईन” या वाक्यात ‘येईन’वर आवाज अक्षरशः दुभंगला आणि तो तसाच पुढे गेला. त्या वाक्याला तो फुटका आवाज इतका शोभला की बाहेरून ऐकणाऱ्या आईचे डोळे भरून आले.

राजपुत्राची भूमिका त्याला मिळाली नाही. वृंदगानात आणि बोलण्याच्या एका छोट्या भूमिकेत त्याची निवड झाली. त्या रात्री तो रडला, आणि पालकांनी “पुढच्या वेळी नक्की” असे म्हणण्याची घाई केली नाही, याचे मला फार समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ‘कसे झाले’ ऐवजी ‘तिथे काय काय करून घेतले’ एवढेच विचारले, तेव्हा तो बराच वेळ सांगत राहिला.

अशा वेळी मुलाने ऑडिशनला जायचेच नाही असे म्हटले तर काय करावे, असेही पालक विचारतात. प्रथम पट्टी उतरवून, गाणे बदलून, त्याच्या घशाचे काय चालले आहे ते त्याला समजावून पाहावे. एवढे करूनही त्याची इच्छा नसेल, तर त्या वर्षी नाव मागे घ्यावे आणि गाण्याचा वर्ग मात्र खालच्या पट्टीत, बक्षिसाचा विषय न काढता चालू ठेवावा.