घरच्या ४०० सीडी आणि कॅसेटची ऑडिओफाइल (चोखंदळ कानाची) लायब्ररी कशी करू? आधी लाखभराचा डॅक (डिजिटल फाईलचा आवाजात बदल करणारं यंत्र) घेऊ का?

नका घेऊ भाऊ. म्हणजे पुढं घ्या, मी कोण नाही म्हणणारा, पण तुम्ही लिहिलंय की घरी ४०० सीडी आहेत, एक पेटीभर कॅसेट आहेत, पेनड्राइव्हमध्ये ६० जीबी एमपीथ्री जमलंय आणि ऐकता मुख्यतः शास्त्रीय, नाट्यगीतं आणि भावगीतं. या सामानाला डॅकच्या आधी वेळ लागते, आणि तो दुकानात मिळत नाही. मी हेच काम इथं नागपुरात गेली आठ-नऊ वर्षं करून राहिलो, दोनदा सगळं उचकटून परत केलं, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी माझी फजिती ऐका. फ्लॅक (आवाज न कापता साठवणारा फाईलचा प्रकार) म्हणजे चांगला आवाज एवढंच कुठंतरी वाचलं होतं, म्हणून एका शनिवारी रात्री माझं ४० जीबी एमपीथ्री कन्व्हर्टरला लावून दिलं आणि झोपलो, सकाळी जवळपास २०० जीबी फ्लॅक तयार. आठवडाभर मित्रांना सांगत फिरलो की आता बघा आवाज कसा उघडला. डोंबल्याचा उघडला! एमपीथ्री बनतानाच जे कापल्या जाते ते परत येत नाही, फ्लॅकचा डबा मोठा, आत भाजी तीच. नंतर स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर सापडलं, त्यात फाईल टाकली की चित्र दिसते, १२८ केबीपीएसचं एमपीथ्री असलं तर १६ किलोहर्ट्झच्या वर पट्टीनं आखल्यासारखं काळं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा आवाज मुळातच कमी असते, पण तो हळूहळू विरत जाते, असा सरळ रेषेत तुटत नाही. तुमच्या ६० जीबीतल्या चार-दोन फाईली टाकून बघा. आणि ते एमपीथ्री आहे तसंच वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या, त्याला फ्लॅकचं सोंग देऊ नका.

आता काम कुठून सुरू करायचं. सगळे म्हणतात कंपनीच्या सीडीपासून करा, मी म्हणतो त्या सगळ्यात शेवटी. आधी घरी नाहीतर दुकानात राइट करून घेतलेल्या सीडी, मग कॅसेट, मग छापील सीडी. कारण सांगतो. बाबांनी २००४ मध्ये त्यांच्या कॅसेट एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतल्या होत्या, २६ सीडी, आणि त्या आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर टिनाच्या पेटीत ठेवल्या. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असते तेव्हा त्या पेटीत काय होत असेल तुम्हीच विचार करा. राइट केलेल्या सीडीत रंगाचा एक थर असते, माहिती त्याच्यावर उमटते आणि तो उन्हानं, उजेडानं बिघडते. मी पेटी काढली तेव्हा ड्राइव्हनं ११ वाचल्या म्हणून त्या ११ वाचल्या, बाकी १५ चकत्या झाल्या. छापील सीडीत माहिती खड्डे पाडून कोरलेली असते, ती आणखी काही वर्षं थांबू शकते.

छापील सीडीचं काम सोपं आहे पण कंटाळवाणं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, त्यात सिक्युअर मोड लावा. साधं सॉफ्टवेअर सीडी एकदा वाचते आणि अडखळलं तर मधली जागा अंदाजानं भरून मोकळं होते, हे प्रत्येक तुकडा दोनदा वाचून ताडून पाहते. वरून अ‍ॅक्युरेटरिप नावाचा डेटाबेस आहे, जगात दुसऱ्या कोणी तीच सीडी रिप केली (फाईलमध्ये उतरवली) असेल तर त्यांच्या आणि तुमच्या फाईलचा आकडा जुळतो का ते सांगते. आपल्या मराठी सीडी त्यात बऱ्याचदा नसतातच, तेव्हा टेस्ट अँड कॉपी वापरा, दोन्ही वेळचा सीआरसी (फाईलवरून काढलेला तपासणीचा आकडा) सारखा आला की समजायचं जमलं. फॉरमॅट फ्लॅक, लेव्हल (फाईल किती दाबायची ते) ५ ठेवा का ८ ठेवा, आवाज तोच राहते, फक्त फाईलचा आकार थोडा बदलते. एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे तुमच्या ४०० सीडी दीडशे जीबीच्या आत-बाहेर, आजच्या हिशेबात काहीच नाही. रोज ४ केल्या तर १०० दिवस. मी रोज संध्याकाळी भाजी निवडून होईपर्यंत दोन करायचो, बायको म्हणे तुमची सीडी होते तेव्हा माझी मेथी होते.

हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बारकाव्याच्या फाईली) घ्यायचं का? सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावते आणि माणसाचा कान २० च्या वर जात नाही, वयाबरोबर तर खालीच येते. १६ बिटात ९६ डेसिबलची रेंज मिळते, आणि इथं उन्हाळ्यात कूलर चालू असला की माझ्या खोलीत फोनवर मोजलं तर ६० च्या आसपास निव्वळ घर्रघर्र. बाप्पा, त्यात २४ बिटचं सूक्ष्म काय ऐकू येणार? फरक पडते तो मास्टरनं, म्हणजे ज्या प्रतीवरून सीडी निघते तिच्यानं. ९० च्या दशकातली जुनी सीडी आणि तिचंच नंतरचं रिमास्टर दोन्ही मिळाले तर दोन्ही ऐकून बघा, पुष्कळदा नवं नुसतं मोठ्यानं असते, तानपुरा आणि गळा एकाच उंचीवर आणून ठेवलेले.

कॅसेटचं मात्र मन लावून करा, तिथं २४ बिट कामाचं आहे. रेकॉर्डिंग करताना लेव्हल वर ताणायची गरज पडत नाही, सगळ्यात मोठा आवाज उणे ६-७ डेसिबलवर राहिला तरी चालते. आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असते, त्यानं हेडचा कोन बदलते, प्रत्येक कॅसेटला तो किंचित फिरवून जिथं तबल्याची चाट सगळ्यात खणखणीत येते तिथं थांबायचं. डेकची मोटर जुनी असली तर स्पीड हललेला असते आणि गाणारा अर्धा सूर वर चढून बसते. अर्ध्या सुराला जवळपास ६ टक्के फरक लागते, म्हणजे कानाला कळते. साथीला पेटी असली तर सोपं, पेटीचा सूर काही हवेनं चढत नाही, ट्यूनर लावून ताडून घ्या. आमच्याकडं नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यातली घरगुती मैफल होती कॅसेटवर, ती मी पहिल्यांदा उतरवली तेव्हा बाबा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, 'हा काळी दोनमध्ये (पेटीच्या वरच्या पट्टीत) कधीपासून गायला लागला बे?' डेक जोरात पळत होता. नॉइज रिडक्शनही जपून वापरा, मी उत्साहात इतकं घासलं की तानपुऱ्याची जवारीच (तारेची ती घुमणारी झणझण) गेली. आता तो सर्रकन येणारा टेपचा आवाज तसाच ठेवतो, मधे कोणाची कपबशी वाजते तीही.

आता खरं काम, नावं. इथंच लोक हारतात. इंटरनेटवरचे डेटाबेस पॉप-रॉकच्या हिशेबानं बनलेले आहेत, कलाकार, अल्बम, गाणं, संपलं. आपल्या सीडीला ते लावले की 'पंडित भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी' आणि रोमनमधला एक असे चार भीमसेन तयार होतात आणि चौघांकडं थोडं थोडं सामान. मी सगळीकडचं 'पं.' आणि 'उ.' काढून टाकलं तर बाबा भडकले, नुसतं भीमसेन जोशी? नुसतं अमीर खाँ? तुझ्या वर्गात होते का? त्यावर तोडगा असा की दाखवायच्या फील्डमध्ये (माहितीच्या रकान्यात) मानानं पूर्ण नाव लिहायचं आणि सॉर्टच्या वेगळ्या फील्डमध्ये 'जोशी भीमसेन' असं. नाहीतर अर्धी लायब्ररी प मध्ये आणि उरलेली उ मध्ये जाऊन बसते.

फ्लॅकच्या टॅगमध्ये (फाईलसोबतच्या माहितीच्या चिठ्ठीत) तुम्ही मनानं फील्ड बनवू शकता, एमपीथ्रीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आरामात होते (नाव एमपीथ्री असलं तरी फ्लॅकही करते). मी राग, ताल, प्रहर, गीतकार, संगीतकार, तबला आणि पेटी अशी ७ फील्ड बनवली. रागाचं एकच स्पेलिंग आधी कागदावर ठरवा, कारण कव्हरवर कुठं मालकंस कुठं मालकौंस कुठं मालकोश, बागेश्रीचे तर तीन अवतार. हे झालं की फूबार २००० या प्लेअरमध्ये आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्ट लावता येतात, माझ्याकडं 'संध्याकाळ' उघडलं की मारवा, पूरिया, श्री, सगळ्यांचे एका जागी. एकच यमन सहा जणांचा ओळीनं ऐकायचा असला तर दोन क्लिकचं काम. ही सोय कोणत्याच स्ट्रिमिंग अ‍ॅपवर मला मिळाली नाही, अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (काही न कापलेला आवाज) आहे तरी मी लायब्ररी काऊन सोडत नाही त्याचं कारण हेच.

जॉनरच्या भानगडीत फार पडू नका. आपले वसंतराव देशपांडेच घ्या, इथं नागपुरात शंकरराव सप्र्यांकडं शिकलेले, ख्याल गायले, ठुमरी गायले, नाट्यगीतं गायले, सिनेमात गायले, त्यांना कोणत्या एका डब्यात टाकता? जॉनर प्रत्येक ट्रॅकला वेगळा द्या, अल्बमला नको.

टॅग देवनागरीत लिहा, फाईलचं नाव रोमनमध्ये ठेवा. हे मी ठोकर खाऊन शिकलो. पुढं मी सगळं एका लिनक्सवाल्या छोट्या सर्व्हरवर हलवलं तर लांब नावाच्या फाईली कॉपीच होईनात. तिथं फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत खेळ खतम. 'विलंबित एकताल' वगैरे लिहिलं की भरलंच. गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरी टॅगचे चौकोन दिसतील, दिसू द्या.

दोन गोष्टी ऐकताना. बडा ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत बंदिश पुढच्यात असं बऱ्याच सीडींवर असते, प्लेअर गॅपलेस नसला तर तबला लय धरते नेमक्या त्याच जागी खड्डा पडते, सगळा रंग जाते. फ्लॅक आणि फूबार असले की हा त्रास नाही. दुसरं, रिप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी सोय) लावा पण अल्बमचं, ट्रॅकचं नाही, नाहीतर शांत आलापी आणि द्रुत तराणा एकाच आवाजात वाजतात. रिप्लेगेन फाईलमधल्या आवाजाला हात लावत नाही, फक्त टॅगमध्ये आकडा लिहिते, तेव्हा घाबरू नका.

बॅकअप तीन ठिकाणी. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरी, माझी तिसरी डिस्क अमरावतीला बहिणीकडं असते आणि दिवाळीला अपडेट होते. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा चेकसम (तपासणीचा आकडा) असते, वर्षातून एकदा सगळ्या फाईली तपासून घेतल्या की कुठली सडली ते आपोआप कळते.

डॅकचं म्हणाल तर कॉम्प्युटरला लावायचा चार-पाच हजाराचा चांगला डॅक घ्या, विंडोजवर वासापी एक्सक्लुझिव्ह मोड लावा म्हणजे मधला मिक्सर आवाजात लुडबुड करत नाही, आणि उरलेला पैसा स्पीकरमध्ये घाला. ब्लूटूथच्या एलडॅक प्रकारावर लॉसलेस ऐकतो म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका, तो जास्तीत जास्त ९९० केबीपीएस नेते आणि सीडी १४११ ची असते, म्हणजे मधे छाटाछाट आलीच.

मी एप्रिल ते जूनपर्यंत नुसतं टॅगिंग करतो, कूलरच्या आवाजात दुसरं काही होत नाही. कान लावून ऐकणं दिवाळीनंतर, पंखाही बंद करून. तुम्ही पहिल्या दहा सीडी करून पाहा, अडलं तर ड्राइव्हचं मॉडेल लिहून विचारा, त्याचा ऑफसेट (वाचताना ड्राइव्ह किती पुढं-मागं सरकते तो आकडा) किती टाकायचा ते सांगतो.